गल्लीतली वेगमर्यादा ठरवतं कोण? (पाटी नसेल तर कायद्याने ७०!)

उपरस्ता
सोमवार, रात्री १०.१२

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या गतिरोधक-युद्ध पेटलंय. कर्वेनगरातला आमचा रस्ता ९ मीटरचा. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, एका टोकाला बालवाडी, दुसऱ्या टोकाला दूध आणि किराणा. पावसाळ्याआधी नवं डांबर पडलं आणि तेव्हापासून मुख्य रस्ता तुंबला की सगळी वाहतूक इकडून घुसते, तीही सुसाट. निम्म्या ग्रुपला गतिरोधक हवा, उरलेल्यांना मणक्यांची काळजी. त्या भांडणात एका काकांनी विचारलं, "पण इथे स्पीड लिमिट किती आहे?" उत्तरं आली २०, ३०, ४० आणि "गल्लीत कसलं आलंय लिमिट".

म्हणून कायदा उघडला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. कमाल वेग केंद्र सरकार ठरवतं आणि त्याचा तक्ता ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत आहे. कारला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चारपदरी किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर १००, महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर ७०. हद्दीत दुचाकीला ६०, बस-ट्रकला ६०, रिक्षाला ५०. संपला तक्ता. 'महापालिका हद्दीतला रस्ता' हा एकच रकाना, त्यात बाजारपेठेचा रस्ता, नदीकाठचा मोकळा रस्ता आणि आमची बालवाडीची गल्ली असं सगळं कोंबलेलं. म्हणजे पाटी नसेल तर आमच्या गल्लीत कारला कायद्याने ७०!

याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात राज्य सरकारला, किंवा राज्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला, सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा रस्त्याचं, पुलाचं स्वरूप बघून कमी मर्यादा घालता येते. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना हवी आणि जागेवर कलम ११६ खालची पाटी हवी. मर्यादा महिन्याभरापुरतीच असेल तर अधिसूचना लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच की गल्लीबोळांना आपोआप ३० लागू हवं. जिथे जास्त वेग खरंच लागतो तिथे आदेश काढा, पाटी लावा. सध्या बरोब्बर उलटं चाललंय, हळू जायला आदेश लागतो आणि वेगाने जायला काहीच लागत नाही. हे प्रत्यक्षात होतं कसं, कोण करतं आणि एकदा ठरलेली मर्यादा पुन्हा कुणी तपासतं का, हे जाणकारांनी सांगावं.

चौकातला_चहा
सोमवार, रात्री १०.३१

७०?? आमच्या गल्लीत कुणी ७० ने गाडी नेऊन दाखवावी, सायलेन्सर मी वेचून आणून देतो. खड्डे हीच आमची वेगमर्यादा. महापालिकेची दूरदृष्टी म्हणायची!

कलमबहाद्दर
सोमवार, रात्री ११.०५

उपरस्ता, तक्ता बरोबर वाचलात, पण ७० ही वरची रेघ आहे. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशनप्रमाणे रस्ता, गर्दी आणि दृश्यमानता बघून वेग ठेवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. गल्लीत ६५ ने जाऊन कुणाला उडवलं तर "मर्यादेत होतो" म्हणून सुटका नाही, कलम १८४ (धोकादायक वाहन चालवणे) लागतंच.

अडचण अशी की हे सगळं अपघात झाल्यावर. आधी थांबवायचं तर पोलिसांना आकडा लागतो. स्पीडगनला 'परिस्थितीनुरूप वेग' दिसत नाही.

जुना_ओव्हरसियर
मंगळवार, सकाळी ७.२०

एका महापालिकेच्या पथ विभागात नोकरी झाली माझी. कुठल्या ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

फाइल कशी हलते ते सांगतो. नागरिकाचा, शाळेचा किंवा नगरसेवकाचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात येतो. तिथून पथ विभाग. पथ विभाग म्हणतो, वेगाचा विषय वाहतूक शाखेचा. मग संयुक्त स्थळपाहणी. आमचा कनिष्ठ अभियंता, वाहतूक विभागाचे एक निरीक्षक, अर्जदार आणि कडेला उभे राहून "आमच्या दुकानासमोर नको" म्हणणारे दोन दुकानदार. पाहणीचा अहवाल गेला की वाहतूक शाखेचे पोलिस उपायुक्त आदेश काढतात. पुण्यातले असे आदेश पेपरात येतात, ते वाचून बघा. सुरुवातीलाच गृह विभागाच्या सप्टेंबर १९९६ च्या अधिसूचनेचा क्रमांक असतो. नो-पार्किंग, एकेरी वाहतूक, जड वाहनांना बंदी, सगळं कलम ११५, ११६ आणि ११७ चे अधिकार वापरून. आदेश आधी 'तात्पुरत्या स्वरूपात', सोबत लेखी हरकती-सूचना मागवतात आणि त्यांचा विचार करून अंतिम आदेश. "अत्यावश्यक सेवेतील वाहने खेरीज करून" हे वाक्य प्रत्येक आदेशात.

इथपर्यंत ठीक. पुढची गंमत अशी की आदेश पोलिसांचा आणि पाटी महापालिकेची. पाटीचं टेंडर वर्षातून एकदा, तेही सगळ्या प्रभागांचं मिळून. त्यामुळे आदेश निघतो पण पाटी लागत नाही, किंवा पाटी दिसते पण तिच्यामागचा आदेश कुणालाच सापडत नाही. रस्ता खोदला, खांब काढला, बुजवल्यावर खांब परत आला नाही, हे तर नेहमीचं.

पुन्हा तपासतं का कुणी? माझ्या नोकरीत वेगमर्यादेच्या आदेशावर "अमुक वर्षी फेरविचार" असा शेरा मारलेला मी पाहिला नाही. निघाला आदेश की तो अजरामर.

उपरस्ता
मंगळवार, सकाळी ८.४५

काका, सोनं आहे हा प्रतिसाद. एक शंका. आमच्या गेटाबाहेर सोसायटीनेच 'वेग २० – मुले खेळत आहेत' असा फ्लेक्स लावलाय. त्याला काही अर्थ?

कलमबहाद्दर
मंगळवार, सकाळी ९.१०

विनंती म्हणून अर्थ आहे, दंडासाठी शून्य. सक्तीच्या पाटीचं रूप ठरलेलं असतं, पांढऱ्या गोलाला लाल कडा आणि आत काळा आकडा. तीही अधिकार असलेल्यानेच लावायची. उद्या तुमच्या फ्लेक्ससमोरून कुणी ४५ ने गेला तर पोलिस त्याला हात जोडू शकतील, पावती फाडू शकणार नाहीत.

क्लच_आणि_क्लेश
मंगळवार, दुपारी १.४०

उलट बाजू पण ऐका. एका शहरातल्या (नाव नको) रुंद रस्त्यावर मला ई-चलान आलं. वेग ५८, मर्यादा ४०, दंड २००० रुपये. फोटोत गाडी आणि नंबर झकास. मुद्दाम परत जाऊन पाटी शोधली. होती! गुलमोहराच्या फांदीत निम्मी, उरलेली एका वाढदिवसाच्या बॅनरमागे. रस्ता तीन पदरी, मध्ये दुभाजक, चौक लांब. तिथे माणूस ४० ने कशाला जाईल? अपघातानंतर कधीतरी मर्यादा उतरवली, पुढे रस्ता रुंद झाला, आकडा तोच राहिला. तक्रार केली, उत्तर आलं 'चलान योग्य आहे'.

सगळीकडे ३० करा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, आकडा रस्त्याला शोभणारा नसेल तर तो फक्त वसुलीचा सापळा होतो.

खाडीपलीकडे
मंगळवार, रात्री ११.५५ (इथली सकाळ)

सापळा शब्द आला म्हणून लिहितेय. मी कॅलिफोर्नियात, बे एरियात. इथल्या कायद्यात खरोखरच 'स्पीड ट्रॅप'ची व्याख्या आहे आणि क्लच यांना ती फार आवडेल.

मोठ्या रस्त्याची मर्यादा शहराला मनाला येईल तशी लिहिता येत नाही. आधी इंजिनियरिंग आणि ट्रॅफिक सर्व्हे करायचा. मोकळ्या वाहतुकीत गाड्यांचे वेग मोजायचे, चढत्या क्रमाने लावायचे आणि शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो आकडा धरायचा. जवळच्या ५ मैलांच्या पटीत आणला की ती मर्यादा. हा सर्व्हे ५ वर्षं चालतो. काही अटी पाळल्या तर ७, आणि रस्त्याची परिस्थिती फारशी बदललेली नाही असा इंजिनियरने दाखला दिला तर आणखी पुढे. मुदत संपली आणि नवा सर्व्हे नाही, तर त्या रस्त्यावर पोलिसांनी रडारने धरणं म्हणजे 'स्पीड ट्रॅप', ती केस कोर्टात टिकत नाही. शहरांना झक मारून सर्व्हे करावा लागतो. सिटी कौन्सिलच्या अजेंड्यावर 'स्पीड सर्व्हे अपडेट' येतो, रस्त्यांची यादी असते, लोक येऊन तीन-तीन मिनिटं बोलतात.

आता याची काळी बाजू. मर्यादा ठरवणारे कोण, तर आज वेगाने जाणारेच. रस्ता रुंद केला, लोक जोरात जायला लागले, पुढच्या सर्व्हेत आकडा चढला, की मर्यादाही चढणार. कितीतरी शहरांना इच्छा नसताना वाढवावी लागली. २०२१ मध्ये एबी ४३ नावाचा कायदा झाला तेव्हा कुठे पादचारी जास्त असतील किंवा अपघात वारंवार होत असतील तिथे ५ मैल कमी करायची मोकळीक मिळाली. त्याचाच आधार घेऊन सॅन फ्रान्सिस्कोने दुकानांच्या रस्त्यांवर २० मैल (३२ किमी) केलं.

आणि उपरस्ता, तुमच्या कामाचं म्हणजे ही सर्व्हेची कटकट गल्ल्यांना नाहीच. घरांच्या वस्तीतला रस्ता म्हणजे पाटी असो-नसो, २५ मैल, म्हणजे ४० किमी.

उपरस्ता
बुधवार, सकाळी ८.०५

हेच, हेच! गल्लीचा स्वतंत्र रकाना. आणि जुना सर्व्हे असेल तर दंड नाही ही अट आपल्याकडे आली तर मर्यादांची यादी तरी अद्ययावत राहील.

जुना_ओव्हरसियर
बुधवार, सकाळी ८.३०

८५ टक्क्यांचं गणित आपल्या पाठ्यपुस्तकातही आहे. मर्यादेसाठी ८५, रस्ता आखायला ९८. पण आपल्या मिश्र वाहतुकीत मोकळी गाडी म्हणायची कुठली? बैलगाडीपासून बुलेटपर्यंत सगळं एकाच पदरात.

एक मात्र लक्षात घ्या. शहरी रस्त्यांच्या आखणीचं इंडियन रोड्स काँग्रेसचं १९८३ चं मानक, आयआरसी ८६, त्यात रस्त्यांची उतरंड होती. मुख्य रस्त्याला आखणीचा वेग ८०, उपमुख्य ६०, संकलक (गल्ल्यांतली वाहतूक गोळा करून मोठ्या रस्त्याला नेणाऱ्या) रस्त्याला ५० आणि स्थानिक रस्त्याला ३०. म्हणजे गल्ली ३० साठीच आखायची हे इंजिनियरला चाळीस वर्षांपूर्वी माहीत होतं. २०१८ च्या वेगाच्या तक्त्यात ही उतरंड नाही. इंजिनियरचं पुस्तक एक बोलतं, पोलिसाचं दुसरं.

चौकातला_चहा
बुधवार, सकाळी ९.००

आणि रिक्षावाल्याचं तिसरंच.

कार्डिफकर
बुधवार, दुपारी ४.२०

वेल्समध्ये राहतो. उपरस्ता जे मागताहेत ते इथे १७ सप्टेंबर २०२३ ला झालं. दिव्याचे खांब २०० यार्डांच्या आत असलेले वस्तीतले रस्ते 'रिस्ट्रिक्टेड रोड' धरतात, त्यांची मर्यादा आधी ३० मैल होती, ती एका रात्रीत २० झाली (३२ किमी). रस्तोरस्ती नव्या पाट्या ठोकत बसायला नको म्हणूनच मूळ आकडा बदलला. जिथे ३० ठेवायचं तिथे स्थानिक कौन्सिलने आदेश काढायचा, कारण द्यायचं आणि पाटी लावायची.

रामायण झालं हो. रद्द करा म्हणून वेल्सच्या संसदेकडे याचिका गेली, तिच्यावर पावणेपाच लाखांच्या आसपास सह्या. लोकसंख्या जेमतेम ३१ लाख! खर्च ३ कोटी पौंडांच्या वर, त्यावर बोंबाबोंब. बसचं वेळापत्रक बिघडलं ही तक्रार मात्र खरी होती. २०२४ मध्ये नवे परिवहन मंत्री आले, त्यांनी मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि कौन्सिलांना काही रस्ते परत ३० करायला सांगितलं. तरी बहुतांश गल्ल्या २० वरच आहेत, आणि अशा कमी वेगाच्या रस्त्यांवर अपघातात मरणाऱ्या-जखमी होणाऱ्यांची संख्या पहिल्या वर्षात साधारण चतुर्थांशाने घटली.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिले दोन महिने मीही शिव्या घातल्या. आता मुलगी शाळेत चालत जाते.

क्लच_आणि_क्लेश
बुधवार, दुपारी ४.५०

वेल्समध्ये पाटी न बघता लोक २० ने जातात? आमच्याकडे लाल सिग्नलला थांबलं तर मागचा हॉर्न वाजवतो.

कार्डिफकर
बुधवार, संध्याकाळी ५.१५

सगळे जात नाहीत. सरासरी वेग तीन-चार मैलांनीच उतरला असेल. पण फायदा तेवढ्यातही होतो.

गणिताच्या_बाई
बुधवार, रात्री ९.३५

होतोच. जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा आहे, सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे उतरला तर त्याच हिशेबाने घटतो.

आठवीच्या मुलांना मी हे उदाहरण घालते. समोर चेंडूमागे मूल धावत आलं. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जायला १ सेकंद धरा (फोन हातात नसेल तर!). ३० किमी वेगाला त्या सेकंदात गाडी सव्वाआठ मीटर पुढे जाते. कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील तर ब्रेक लागून थांबायला आणखी ५ मीटर. एकूण सव्वातेरा. आता ५० ने येणारी गाडी घ्या. तिचा तो पहिला सेकंदच १४ मीटर खातो. म्हणजे ३० वाली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून ५० वाली पुढे जाते तेव्हा तिच्या ड्रायव्हरचा पाय ब्रेकला लागलेलाही नसतो. मूल त्याच्या पुढ्यात आणि वेग अजून ५० चा ५०. ती थांबणार २८ मीटरवर.

वर्गात फरशा मोजून दाखवते. दोन फुटांची फरशी असेल तर ३० वाली बाविसाव्या फरशीवर थांबते, ५० वाली व्हरांडा संपून मुख्याध्यापकांच्या खोलीत.

पार्सल_आलंय
बुधवार, रात्री ११.२०

मंडळी, मी दिवसभर तुमच्याच गल्ल्यांत फिरतो. डिलिव्हरी करतो. तुमचं गणित पटतं, पण जरा आमचंही बघा. ॲपवर घड्याळ चालू असतं. उशीर झाला की रेटिंग जातं, रेटिंग गेलं की चांगल्या ऑर्डरी जातात. आणि "दहा मिनिटांत हवं" म्हणणारे याच सोसायट्यांतले. ३० ची पाटी लावाल, पहिली पावती कुणाची फाटेल? दुचाकीला हजार रुपये. दिवसाची कमाई गेली.

उपरस्ता
गुरुवार, सकाळी ८.१५

पार्सल, मुद्दा रास्त. फक्त वेळेचा हिशेब करू. आमची गल्ली ६०० मीटर. ५० ने ४३ सेकंद, ३० ने ७२. फरक अर्ध्या मिनिटाचाही नाही, आणि मध्ये गाय, टेम्पो, रिव्हर्स घेणारे काका आले की तोही उरत नाही. तुमचा वेळ लिफ्टमध्ये आणि गेटवरच्या रजिस्टरात जातो.

पार्सल_आलंय
गुरुवार, सकाळी ८.२२

रजिस्टर! त्यावर वेगळा धागा काढा, दोनशे प्रतिसाद मीच देतो.

सावजी_रस्सा
गुरुवार, सकाळी १०.४०

नागपूरकराचं ऐका राजेहो. आमच्या इथं गल्लीगल्लीत सिमेंट रोड झाले. खड्डे गेले, चांगली गोष्ट. पण जो पोरगा आधी २५ ने जाई तो आता ६० ने जाते. पाटी तेव्हाही नव्हती, आताही नाही. रोड बनवतानाच कंत्राटात लिहा ना बाप्पा, की रुंदी इतकी, कोपरे इतके, शाळेपुढं उंच क्रॉसिंग. रोड झाल्यावर मग लोकच गतिरोधक बनवतात, रात्री मिक्सर आणून. त्याच्यावर स्कूटीचा खालचा पत्रा घासला की सारी कॉलनी जागी होते.

जुना_ओव्हरसियर
गुरुवार, सकाळी ११.३०

सावजी, खरं बोललात. गतिरोधकाचंही मानक आहे. ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटीमीटर उंच, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. गाडी २५ ने सहज पार व्हावी असा त्याचा हिशेब. ४० मीटर आधी सूचनेची पाटी आणि वर पांढरे पट्टे. लोक मागतात आणि ठेकेदार घालतो तो फूट-दीड फुटाचा बांध. त्यावर जीपवाला उडवत नेतो, गरोदर बाई असलेली रिक्षा मात्र थांबते, आणि दोन बांधांच्या मधे सगळे दुप्पट रेस करतात.

वेग खरा उतरतो तो रस्त्याच्या आकाराने. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये शहरी रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वं केली, पादचारी धोरणही त्याच वर्षी. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ त्याच विचारातले. पण तो पैसा मोठ्या, दिसणाऱ्या रस्त्यांवर जातो. मर्यादांचंही तेच. मुंबईचा किनारी रस्ता मार्च २०२४ मध्ये उघडला तेव्हा पहिल्या दिवसापासून आकडे तयार होते. सरळ भागात ८०, बोगद्यात ६०, वळणावर आणि चढा-उतरायच्या जागी ४०. तुमच्या गल्लीसाठी असा कागद कोण करतो?

कलमबहाद्दर
गुरुवार, दुपारी १२.१०

आणि गल्ली कधी 'ब्लॅक स्पॉट'ही होत नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राची व्याख्या अशी आहे की साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. गल्लीतले अपघात विखुरलेले. इथे एक आजोबा पडले, तिथे एका मुलीचा पाय मोडला. बहुतेकांची पोलिसात नोंदही नाही, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं की विषय संपला. त्यामुळे "आकडेवारी आणा" म्हटलं की अर्जदार गप्प.

उपरस्ता यांच्या मूळ मागणीबद्दल. केंद्राचा तक्ता बदलायला दिल्लीच लागेल, पण कलम ११२(२) मध्ये राज्याला बराच वाव आहे. एकेक गल्ली धरून आदेश काढण्यापेक्षा अमुक रुंदीपर्यंतचे सगळे रस्ते, किंवा शाळा-दवाखान्यांभोवतीचा परिसर, असा सरसकट आदेश काढून परिसराच्या तोंडाशी पाट्या लावता येतील असं माझं वाचन आहे. हा काही आपल्याकडचाच घोळ नाही. न्यूयॉर्कलाही २०१४ मध्ये शहराची मर्यादा ३० वरून २५ मैल करायला राज्याच्या विधिमंडळाकडे जावं लागलं. रस्तासुरक्षेवरच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात वाहनं आणि पादचारी-सायकलस्वार मिसळतात तिथे ३० किमीची शिफारस आहे, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो उचलून धरला. अर्जात याचा उल्लेख करा, वजन पडतं.

क्लच_आणि_क्लेश
गुरुवार, दुपारी २.००

सरसकट असेल तर एक अट माझीही लिहा. गल्ल्यांना ३० करताना मोठ्या रस्त्यांचे जुने, विसंगत आकडेही तपासा. आणि पाटीपुढची फांदी छाटा. तेवढं केलंत तर सही माझी पहिली.

गणिताच्या_बाई
गुरुवार, संध्याकाळी ६.४५

आकडेवारी तुम्हीच गोळा करा, स्पीडगन नको. रस्त्याकडेला टेपने ३० मीटर मोजून दोन खडूच्या रेघा मारा. गाडी पहिल्या रेघेवर आली की फोनचं स्टॉपवॉच चालू, दुसरीवर बंद. ३.६ सेकंद म्हणजे ३० किमी. २.७ म्हणजे ४०. २.२ च्या आसपास म्हणजे ५०. निदान शंभर गाड्या घ्या, सुसाट जाणाऱ्याच निवडू नका. समोरून मोकळी येणारी प्रत्येक गाडी लिहा. दुचाकी आणि चारचाकी वेगळ्या रकान्यात. मग चढत्या क्रमाने लावून पंच्याऐंशीवी गाडी बघा. बटण दाबायची चूक दोन्हीकडे थोडीफार होते, पण शंभरात ती बरीचशी फिटते.

उपरस्ता
शुक्रवार, रात्री ९.५०

मसुदा केलाय. थोडक्यात मजकूर: रस्त्याचं नाव आणि कुठपासून कुठपर्यंत, रुंदी, बालवाडी आणि तिची सुटायची वेळ, वेगाची मोजणी जोडली आहे, कलम ११२(२) खाली ३० ची मर्यादा आणि ११६ खाली दोन्ही तोंडांना पाट्या, बालवाडीसमोर मानकाप्रमाणे उंच क्रॉसिंग. एक ओळ जास्तीची घातली, 'आदेशाचा दर ३ वर्षांनी फेरआढावा घ्यावा'. ही मागणी करता येते ना? आणि सह्या किती जमवू?

जुना_ओव्हरसियर
शनिवार, सकाळी ७.०५

करता येते. मान्य होईल असं नाही, पण फाइलवर येईल आणि पुढच्या अर्जाला धागा राहील.

सह्यांच्या मागे लागू नका. शंभर सह्यांच्या अर्जापेक्षा बालवाडीच्या लेटरहेडवरचं पत्र लवकर हलतं. अर्ज दोन ठिकाणी द्या, क्षेत्रीय कार्यालय आणि वाहतूक शाखा, आणि प्रत्येकावर दुसऱ्याचा 'प्रत माहितीसाठी' उल्लेख करा, म्हणजे तिकडे पाठवलंय म्हणून हात झटकता येणार नाहीत. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. स्थळपाहणी शाळा सुटायच्या वेळी ठेवा म्हणून आग्रह धरा. साहेब सकाळी अकराला आले तर त्यांना रिकामा रस्ता आणि झोपलेलं कुत्रं दिसेल. आणि दुकानदारांशी आधी बोला. त्यांना वेगाचं काही नसतं, पाटीचा खांब शटरपुढे येईल याची भीती असते. खांब कुठे येणार ते खडूने दाखवा.

उपरस्ता
शनिवार, सकाळी ९.३०

बालवाडीच्या बाईंशी बोललो, लेटरहेड मिळतंय. किराणावाले शेठ म्हणाले, खांब त्यांच्या बोर्डाच्या डावीकडे आला तर चालेल.

मोजणी सोमवारी सकाळी साडेआठ ते दहा. मदतीला येणाऱ्यांनी पांढरा शर्ट घालू नये. काल रंगीत तालीम केली तेव्हा एकजण कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात वही-पेन घेऊन उभे होते. अख्खी गल्ली २० ने गेली आणि तिघांनी लांबूनच यू-टर्न मारला.